उकर्डाजींची कॅबिन

"गॅस भरून द्या मिस्त्री, अन् आमाले मोकये करा. दुपारून निंगाले पायजे," ट्रकमधून खाली उतरायच्या आधीच म्हाताऱ्यानं मला हुकूम सोडला.

मी जेवायला बसलो होतो. बाळापूरच्या अलीकडं, हायवेला लागून माझं टिनाचं शेड, पुढं एक कडुनिंब, आणि वैशाखाचं ऊन असं की पान्याला हात लावला तर चटका बसावा. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे हा माझा धंदा. 'गॅस भरून द्या' हे शब्द ऐकले की माझं टाळकं सरकायचं. अजूनही सरकतं, वय झालं तरी. अहो, गॅस काय डिझेल आहे का, जळून संपायला? बंद नळ्यांमधून गोल फिरत राहणारी चीज ती. कमी झाली असेल तर कुठून तरी गळली असणार, आणि गळलीच नसेल तर वरून भरून काय साधणार? पण रस्त्यावरचे बहुतेक मिस्त्री नळी जोडतात, गॅस सोडतात आणि गाडीला टाटा करतात.

"बाबाजी," मी हातातला घास खाली ठेवून म्हटलं, "डॉक्टरकडे गेले का तुमीच सांगता काय, की सलाईन लावा म्हून?"

"हाव," म्हातारा म्हणाला. "सांगतो."

मी हात धुतले.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि एक बाई खाली उतरली. तिशीच्या आतबाहेरची, पंजाबी ड्रेसवर पुरुषाचा शर्ट घातलेला, ओढणी कपाळावरून घट्ट आवळून बांधलेली. त्या काळात आमच्या रस्त्यावर बाई ट्रक चालवताना मी पाहिली नव्हती. मी आ करून बघतच राहिलो. ती दाराला धरून डोळे मिटून जरा वेळ उभी राहिली, मग कशीबशी चालत कडुनिंबामागं गेली आणि भडाभडा ओकली.

"गरमी," म्हातारा म्हणाला, आणि आता मघाचा तोरा पार गेलेला होता. "गरमी बाधून राहिली तिले. म्हून तं म्हनलं, गॅस भरा. एसी काहीच गार करत नाई."

म्हाताऱ्याचं नाव उकर्डाजी ताथोड, तेल्हाऱ्याकडचा. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, आल्यावर लायसन गेलं आणि गाडी पोरानं, अनंतानं घेतली. ती बाई अनंताची बायको, कुंदा. गाडीत सरकीची ढेप होती, मलकापूरला पोचवायची होती. हे सगळं त्यानं मी बॉनट उघडेपर्यंत सांगून टाकलं, आणि पुढचंही सांगितलं.

"मागच्या वैशाखात अनंता गेला. अश्याच उन्हात. ढाब्यावर गाडी लावून, एसी चालू ठेवून कॅबिनीत झोपला, तो उठलाच नाई. एसी मरतुकडा होता, गरमीनं नेलं त्याले. मंग पोरगी म्हने, गाडी मी चालवतो, घरी बसून कोन खाऊ घालनार? चालवते. माह्यापेक्षा बरी चालवते. पन तिले काही झालं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? मिस्त्री, ह्या एसीनं माह्या पोराचा घात केला. सुनेचा नाई होऊ देत."

मी मान हलवली. एखाद्या कामात गिऱ्हाइकाचा जीव अडकला आहे हे कळलं की हात आपोआप नेटानं चालतात. मी कामाला भिडलो.

गाडी जुनी सहाचाकी होती. कॅबिन बॉडीवाल्यानं लाकूड-पत्र्यात बांधलेली आणि इंजिन अर्धं कॅबिनीच्या आत, दोन सीटांच्या मधे, वर झाकण. एसी नंतर कुणीतरी बसवून दिलेला. मी इंजिन सुरू करायला लावलं आणि आधी नळ्यांना हात लावला. आमच्या कामात मीटर नंतर, हात आधी. बारीक नळी चटका लागेल अशी तापली पाहिजे आणि जाड नळीला घाम सुटला पाहिजे. बारीक नळी नको तेवढी तापली होती, जाडीला घाम नव्हता. मग मी खाली वाकून पुढची जाळी बघितली. एसीतली उष्णता बाहेर फेकायची ती जाळी, रेडिएटरच्या पुढची. तिच्यात कापसाची लव, ढेपेचा भुसा आणि धूळ अशी गच्च बसली होती की बोट आत जाईना.

"हे पहा बाबाजी, हा तुमचा गॅस!" मी मूठभर लव उपटून त्याच्या हातात दिली. "अन् रस्त्यानं किती ठिकानी भरला?"

"दोन जागी," म्हातारा ओशाळला.

"भरा, अखीन भरा. मिस्त्री लोकायचे बंगले होऊ द्या."

कडुनिंबाखाली बसलेली कुंदासुद्धा हसली. मी पाण्याचा पाइप लावून जाळी धुतली. काळं-पिवळं पाणी वाहून गेलं. पुन्हा इंजिन सुरू केलं, मीटर लावला, जादाचा गॅस काढला, दोन्ही काटे जिथं पाहिजे तिथं. जाड नळीला घाम सुटायला लागला. मला वाटलं, झालं काम. उरलेली भाकरी खाऊ.

आणि मी आत जाऊन बसलो, दार लावलं, तर कान दडपले.

"कशी वाटते कॅबिन?" काचेतून उकर्डाजी विचारत होता. चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. "माह्या हातची हाय. अनंता म्हने, बाबा, एसी लावला पन गारवा टिकत नाई, साऱ्या फटीनं निंगून जाते. मंग गाडी घरी उभी होती तवा म्या बसलो. सायकलच्या ट्युबा कापून दाराले पट्ट्या लावल्या. छपराची खिडकी प्लाय ठोकून बंद केली. पायडलच्या भोकाले रबर. काचेच्या कडा पुट्टीनं भरल्या. जिथं बोट गेलं तिथं बुजवलं. आता मुंगी येऊ नाई शकत आत!"

खरोखर काम सुरेख होतं. कारागीरही इतकं जीव लावून करत नाही. मी कौतुक केलं आणि ब्लोअर चालू केला. घरघर मोठी, पण जाळीतून हवा अशी की रुमालही हलेना. म्हणजे नळी थंड आणि हवा नाही. आता आतलं खोकं उघडणं आलं.

खोकं डॅशबोर्डखाली, इंजिनाच्या झाकणाला चिकटून बसवलेलं होतं. स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला आणि माझा हात थांबला. गार हवा देणारी आतली जाळी काळीकुट्ट होती. धुळीनं भरलेल्या जाळ्या मी आयुष्यभर बघितल्या. धूळ करडी असते, ओली झाली की चिखल होतो. ही तेलकट काजळी होती. फडक्यानं पुसली तर फडकं चुलीच्या तव्याखालून काढल्यासारखं झालं. नाकाशी धरलं. सायलेन्सरचा वास.

एसीच्या खोक्यात सायलेन्सरचा वास कसा येतो?

मी बाहेर आलो. "बाबाजी, बाईले लिंबू सरबत आना. त्या पुढच्या फाट्यावर चांगलं भेटते, बर्फ टाकून. कामाले जरा वेळ लागते."

म्हातारा उपरणं डोक्यावर टाकून निघाला. जे काही निघेल ते त्याच्यासमोर मला बघायचं नव्हतं.

शेडमधल्या देवाच्या फोटोपुढं उदबत्तीचा पुडा होता. एक पेटवली. इंजिन बंद, ब्लोअर चालू, दारं बंद. उदबत्ती इंजिनाच्या झाकणाखाली धरली आणि खोक्याच्या मागं बॅटरी मारली. नळ्या इंजिनाकडून आत घेण्यासाठी एसीवाल्यानं पत्र्याला मूठभर भोक पाडलं होतं आणि रबर न बसवता तसंच सोडून दिलं होतं. वरून खोकं ठोकलं, म्हणून ते कुणालाच दिसत नव्हतं. उदबत्तीचा धूर सरळ त्या भोकातून खोक्यात शिरत होता. बाकी सगळीकडून कॅबिन बंद. ब्लोअरला हवा ओढायला तेवढी एकच वाट राहिली होती.

मग इंजिन सुरू करून मी झाकणाखाली कान दिला. फुस्, फुस्, फुस्. इंजिनातला धूर जिथून सायलेन्सरकडं जातो, त्या जोडाला बोटभर चीर होती. भोवतीचा लोखंडाचा भाग काळा पडलेला. भोकाच्या अगदी खाली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्या उन्हात.

मी इंजिन बंद केलं आणि कडुनिंबाखाली जाऊन बसलो. कुंदानं डोक्यावरची ओढणी सैल केली होती.

"आता कसं हाय डोकं?"

"उतरलं भाऊ. खाली उतरलं का उतरतेच. गाडीत बसलं का घणाचे घाव. डोळ्यापुढं झापड येते. काल तं जागच्या जागी गाडी साईडले घातली म्या."

"थंडीतबी दुखत होतं काय?"

"नाई. एसी लावाले लागलो तवापासून." तिनं सासरा गेला होता त्या फाट्याकडं पाहिलं. "मामाजीचंबी दुखते, पन ते खर्रा खाते नं. थुकाले घडीघडी काच खाली करते. मी बोंबलतो त्यायच्यावर, गारवा जाते म्हून."

मला त्या तंबाखूच्या खर्र्याचे उपकार वाटले. आयुष्यात पहिल्यांदा.

"अन् अनंताभाऊ?" मी विचारलं. "ते खात होते?"

"सुपारीचं खांडबी नाई. म्हून तं..." तिचा आवाज एकदम कडक झाला. "भाऊ, मामाजी म्हनते गरमीनं गेले. गाव म्हनते दारूनं. शर्टावर उलटी होती नं त्यायच्या, अन् चेहरा लालभडक. झोपल्यासारखे दिसत होते, पन लाल. डॉक्टरनं हार्ट लिहून देलं. पन लोकायनं उलटी पाह्यली, लाल तोंड पाह्यलं, झालं, पेऊन मेला. माह्या बापानं तेराव्याले पाय नाई ठेवला. म्हने, दारुड्याच्या घरी पोरगी देली, माह्याकडून चूक झाली, आता तू घरी ये नाईतर माह्यासाठी मेली. मी गाडीवर बसली, तवापासून फोनबी नाई. अन् मी कोनाले सांगू, की मी त्या मानसाच्या तोंडाचा वास कधी घेतला नाई दारूचा? बायको हाय, तं झाकतेच असं म्हनते लोक."

मी ऐकत होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. उलटी, लाल चेहरा, बंद कॅबिन, एसीसाठी चालू ठेवलेलं इंजिन.

"ह्या पट्ट्या," मी विचारलं, "बाबाजीनं कधी लावल्या?"

"त्यायच्याच साठी तं लावल्या. ते गेले, तो पट्ट्या लावल्यावरचा पयला फेरा होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, मला चेहरा लपवता येत नाही. "भाऊ, काय सापडलं गाडीत?"

मी तिला कॅबिनीत नेलं. चीर दाखवली, भोक दाखवलं, काजळी दाखवली. म्हटलं, ह्या धुरातल्या विषाला वास नसतो, माणसाला झोप येते, डोकं दुखतं, ओकारी येते, चेहरा लाल होतो. झोपलेल्याला कळतही नाही.

"मंग ते पेले नव्हते," ती म्हणाली. पहिल्यांदा अगदी हळू, मग पुन्हा, जोरात. "भाऊ, ते पेले नव्हते! माय वं, मी सांगत होती साऱ्यायले!" हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तोंडावर ओढणी दाबून धरली. आणि मग तिची नजर दाराच्या पट्टीवर गेली. नीट कापलेली, सरळ चिकटवलेली ट्यूब. तिचं रडणं तिथंच थांबलं.

"मामाजीनं बुजवलं," ती म्हणाली.

मी खाली पडलेले स्क्रू गोळा करायला लागलो.

"भाऊ, त्यायले सांगू नका." तिनं माझा हात धरला, काजळीनं भरलेला. "पाया पडतो तुमच्या. एकुलता एक पोरगा होता. हे कळलं तं त्या दिवशीच जीव देईन हा मानूस. दुरुस्त करा, भोक बुजवा, सारं करा. पन म्हना, आताच फुटलं म्हून."

"अन् तुमचे वडील? गाव?"

"म्हनू द्या. म्हनतेच हाय नं वर्षापासून." तिनं डोळे पुसले. "मले कळलं, बस झालं."

इतकं मोठं मन करणारं माणूस मी तरी पुन्हा पाहिलं नाही. मी हो म्हटलं. चीर असलेला जोड काढायला घेतला, आणि तेवढ्यात उकर्डाजी प्लास्टिकच्या पिशवीत सरबत घेऊन आला. सुनेला आधी दिलं, ती पिते की नाही ते बघितलं, मग माझ्याकडं वळला.

"काय सापडलं?"

"जोड फुटला बाबाजी. धूर आत येऊन राहिला होता. बाईचं डोकं त्याच्यानं दुखते, गरमीनं नाई. बरं झालं लवकर आले, गाडी तशी चालली असती तं काही खरं नव्हतं."

"धूर?" म्हातारा जवळ आला. "कॅबिनीत? कुठून?"

मी भोक दाखवलं. दाखवावंच लागलं, पुढं कुणी ते पुन्हा उघडं टाकू नये म्हणून. तो वाकून बराच वेळ बघत होता. बघत कसला, डोळे तर गेलेच होते. बोटांनी चाचपत होता.

"कधी फुटला असन हा जोड?"

आता आली का पंचाईत. कुंदा माझ्याकडं टक लावून उभी होती, सरबताची पिशवी तशीच हातात.

"महिना झाला असन," मी म्हटलं. "लय तं लय दीड."

खोक्यातली जाळी मी खाली काढून ठेवली होती, तिथं उकर्डाजीनं बैठक मारली. नखानं काजळी खरवडली. नख रुतत गेलं, तरी खाली धातू लागेना. वरची काजळी मऊ, आणि खालची घट्ट, डांबरासारखी. त्यानं बोटं एकमेकांवर चोळली.

"मिस्त्री, माहे डोये गेले, बोटं नाई गेले," तो म्हणाला. "जन्म गेला माहा इंजिनाच्या काजळीत. ही महिन्याची नाई."

"तसं नाई मामाजी..." कुंदा पुढं आली.

"तू चूप बस, पोरी." आवाज मोठा नव्हता. तो उठला, कॅबिनीत चढला. मला वाटलं आता ओरबाडतो सगळ्या पट्ट्या. त्यानं दार लावून घेतलं आणि आत नुसता बसून राहिला. काचेतून त्याचं डोकं दिसत होतं. तेवढा वेळ मी आणि कुंदानं एकमेकांकडं बघितलं नाही. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. कुंदा दाराजवळ जाऊन उभी राहिली, आत काही झालं तर ओढून काढायच्या तयारीनं.

दार उघडलं. तो खाली उतरला.

"तुह्या बापाले फोन लाव."

"कायले?" कुंदा म्हणाली.

"लाव म्हनलं नं."

"ते नाई उचलत माहा फोन."

"माह्या फोनवरून लाव. मले नंबर दिसत नाई."

तिनं लावला नसता. पण म्हातारा हात पुढं करून तसाच उभा होता, आणि सासऱ्याला नाही म्हणायची तिची टाप नव्हती. तिनं नंबर लावून दिला आणि दोन पावलं मागं सरली.

"व्याही, उकर्डा बोलतो. ठेवू नका. ठेवसान तं पुन्हा लावीन." तो ताठ उभा होता, छाती पुढं काढून, गाडीचे कागद दाखवायला पोलिसासमोर उभं राहावं तसा. "आयका. तुमचा जावाई पेला नव्हता. कधीच नाई. धूर गेला त्याच्या अंगात. गाडीचा. कॅबिन बंद होती, म्हून धूर बाहेर नाई निंगाला. अन् कॅबिन म्या बुजवली होती. ... हाव, म्या. माह्या हातानं. एकबी फट नाई ठेवली. ... तुमी गावात म्हनले का दारूनं मेला, तं आता गावात हेबी सांगा. बाजाराच्या दिवशी सांगा, साऱ्यायच्या समोर. म्हना, बापानं मारला. मी आपल्या गावात सांगतोच, घरी पोचलो का. पन माह्या अनंताले दारुड्या नाई म्हनाचं. पोरीले बोल नाई लावाचा."

"मामाजी, बस करा!" कुंदानं झेप घालून फोन ओढून घेतला. पलीकडून तिच्या बापाचा आवाज येत होता, काय म्हणत होता ते कळत नव्हतं. वर्षभरानं ऐकलेला आवाज. मग ती फोनमध्ये बोलली ती भांडल्यासारखी.

"बाबा, मामाजीचं आयकू नका. त्यायनं नाई मारलं. पोराले ऊन लागू नाई म्हून केलं त्यायनं, उपाशी-तापाशी बसून केलं. तुमी केलं काय कधी आमच्यासाठी एवढं? गावात सांगाचं असन तं हे सांगा. अन् मामाजीले कोनी बोट दाखवलं तं मी तुमच्या दारात गाडी आनून उभी करीन, सांगून ठेवतो!"

तोपर्यंत म्हातारा ताठच होता. हे ऐकलं, आणि माझ्या पान्या-पक्कडींच्या पसाऱ्यात तो मटकन खाली बसला. त्यानं असा हंबरडा फोडला, की हायवेवरून जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं गाडी हळू केली. मागच्या वैशाखात पोराला जाळलं तेव्हा तो रडला नव्हता, हे कुंदानं मला नंतर सांगितलं.

कुंदा फोन तसाच चालू ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसली. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि जोडाचा राहिलेला नट सोडवायला लागलो.